पोळ्याहून परतलेला वळू

पोळ्यासाठी घरी नेलेला वळू पैदाशीसाठी वळू पारखणाऱ्या चाचणी केंद्रात परतला, तो अंगानं चांगलाच भरून. डॉक्टर मृणालिनींनी त्याच्या कानातला बिल्ला निरखला. बिल्ला महिन्यांपूर्वीचा, पण भोवतीची जखम ताजी होती.

"नागोराव, हा तोच ना?"

"तोच की, मॅडम! घरी सरकी-पेंड चारली नुसती," मालक म्हणाला, पण त्याची नजर सारखी फाटकापाशी उभ्या टेम्पोकडे वळत होती.

डॉक्टरांना ते पटेना. हा दुसराच असून पैदाशीला निवडला गेला, तर इतक्या महिन्यांची मोजमापं खोटी ठरणार होती. त्यांनी कासरा सोडून दिला.

वळू मालकाकडे न बघता थेट टेम्पोपाशी गेला आणि आत बसलेल्या, नागोरावसोबत आलेल्या पाहुण्याचा हात चाटू लागला. पाहुण्यानंही सवयीनं त्याची मान खाजवली.

नागोराव कपाळाला हात लावून पुटपुटला, "दाजी, तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं!"