दात सोड गं!

"डॉक्टर, पोटात जंत नसले तरी माणूस झोपेत दात खातो का?"

शाळेच्या दंततपासणीत मैत्रिणींनी पैज लावली म्हणून केतकीने विचारून टाकलं. खो-खोच्या शिबिरात तिच्या करकर आवाजाने सगळ्या जाग्या झाल्या होत्या. आता जिल्ह्याच्या सामन्यांना तिच्याशेजारी झोपायला कुणी तयार नव्हतं. आई तर जंत समजून वर्षभर वावडिंगाचा काढा पाजत होती.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "खातो की! बऱ्याचदा मनावरच्या ताणाने. ओठ मिटलेले, दात मात्र सुटे, ही सवय लाव. आणि दिवसा जबडा कधी आवळतो, ते टिपून ठेव."

शाळेत, मैदानावर, क्लासात मैत्रिणींनीच पहारा ठेवला. केतकीचा जबडा आवळला रे आवळला, की "दात सोड गं!" आणि वहीत त्या जागेच्या नावापुढे एक रेघ. आठवड्याने पान पाहून ती उडालीच. मैदानावरची एकही रेघ नव्हती. जवळजवळ सगळ्या रेघा बाबांनी हौसेने लावलेल्या इंजिनिअरिंगच्या क्लासातल्या!

घरी आई काढाच गाळत होती, बाबा चहा घेत होते. केतकीने वही दोघांसमोर आपटली.

"आई, काढा पुरे! बाबा, सोमवारपासून क्लास बंद. अभ्यास मी घरीच करीन, दात न खाता!"