दरोड्याची तालीम

छापखाना बंद पडला आणि तिथे काम करणाऱ्या नवरा-बायकोची नोकरी एकाच दिवशी गेली. सगळीकडे खेटे घालून झाल्यावर दोघांनी सोनाराचं दुकान लुटायचं ठरवलं. दुपारी नवऱ्याच्या आईचा डोळा लागला, तसा तो हळूच घरात शिरला आणि स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. बायको सोनार झाली. नवऱ्याने तोंडाला रुमाल बांधला, भाजीची सुरी उचलली.

"जरा दागिने काढता का?"

"अरे, दरोडा घालतोयस की उसनं मागतोयस? ओरड!"

मग तो ओरडला. "काढ सगळं! नाहीतर जीव घेईन!" त्याचा असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता.

आई चष्मा न लावताच धडपडत बाहेर आली. सुनेचा हात धरून तिने तिला पाठीशी घेतलं आणि आपल्या बांगड्या उतरवून पुढे केल्या.

"हे घे बाबा. पण माझ्या सुनेला काही करू नकोस. माझा मुलगा येईलच एवढ्यात कामावरून."

नोकरी गेल्याचं तिला दोघांनी सांगितलंच नव्हतं; सून रजेवर आहे आणि मुलगा कामावर, असंच तिला वाटत होतं. आता रुमाल काढायचीही सोय उरली नव्हती. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. त्याने बांगड्या खिशात कोंबल्या, दार उघडलं आणि सवयीने बोलून गेला, "येतो गं आई."

"लवकर ये रे," आईही सवयीनेच म्हणाली.

आणि मग सुनेचा घट्ट धरलेला हात तिने हळूच सोडून दिला.