आबा जेवले

लंकाबाईनं दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास पुढं केला आणि आबांनी तोंड फिरवलं. काल संध्याकाळपासून हेच चाललं होतं. पाण्याचा घोटसुद्धा त्यांनी घेतला नव्हता.

आबा म्हणजे तिचे सासरे, भिमाजी. दिवाळीनंतर त्यांची उजवी बाजू गेली. धाकटा मुलगा ज्ञानेश्वर भोसरीला. त्याच्या दोन खोल्यांत आजारी माणसाला जागा नव्हती. थोरला दादाभाऊ, लंकाबाईचा नवरा, काही वर्षांपूर्वीच आजारानं वारला होता. गावी, लोणीच्या घरात मग आबा आणि ती, दोघंच. त्यांना उठवणं, अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, सगळं तीच करायची. आबांचं बोलणं इतकं जड झालं होतं, की ते फक्त तिलाच कळायचं.

गावात कुणी म्हणायचं, जमिनीसाठी करते. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याला ख्रिस्ती करायला बघते. मंचरला रविवारच्या उपासनेत पास्टर म्हणायचे, ताई, तुमच्या हातांतून त्यांना प्रभू दिसेल. लंकाबाई कुणाचंच खोडून काढत नव्हती. प्रभूनं सांगितलंय तसं वागायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

ते सोपं नव्हतं. तिच्याबरोबरच ख्रिस्ती झालेल्या दादाभाऊनं मरायच्या आधी बापाला स्वतः सांगितलं होतं, मला माती द्या, जाळू नका. आबांनी ऐकलं नाही. भावकी जमवली आणि पोराला आपल्या हातानं अग्नी दिला. पुढं लंकाबाईनं चर्चच्या मंडळीत उभं राहून सांगितलं, की मी त्यांना क्षमा केली. रोज सकाळी ती प्रभूजवळ आबांसाठी माया मागायची. माया काही येत नव्हती. काम तेवढं होत होतं.

काल पास्टर दोन बायकांना घेऊन घरी आले. आबांच्या डोक्यावर हात ठेवून, येशूच्या नावात या देहाला आरोग्य मिळो, अशी त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली. आबा डाव्या हातानं तो हात ढकलत होते. पास्टरांना वाटलं, हालचाल वाढली, गुण येतोय. लंकाबाईला कळत होतं, आबांना हे नकोय. तरी तिनं पास्टरांना थांबवलं नाही.

तेव्हापासून आबांच्या पोटात अन्न नव्हतं. सकाळी शेजारच्या सरूबाईनं येऊन समजावून पाहिलं. ज्ञानेश्वर फोनवर चिडला. वहिनी, तुमचं ते तुमच्यापाशी ठेवा, म्हणाला, माझ्या बापाला उपाशी मारू नका. लंकाबाई आज उपासनेला गेलीच नाही.

आता दुपार झाली होती. आबांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. तिनं वाटी खाली ठेवली.

"आबा, पास्टर पुन्हा यायचे न्हाईत."

आबा भिंतीकडं बघत राहिले.

"मीबी ह्या घरात प्रार्थना करायची न्हाई. मग तर जेवाल?"

हे आपण बोललो, याचं तिलाच नवल वाटलं. नवरा गेला तेव्हा, भावकीनं बोलणं टाकलं तेव्हा, कितीजणांनी सांगून पाहिलं तरी तिनं प्रार्थना सोडली नव्हती. आज कुणी मागितलंही नव्हतं.

आबांनी मान वळवली. पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसऱ्याला मात्र ते थांबले. ते तिच्या तोंडाकडं बघत होते. सवयीनं तिचे ओठ हलत होते.

"मनातबी न्हाई," आबा म्हणाले.

"मनातलं कसं थांबवू, आबा?"

आबांनी बराच वेळ शब्द जुळवले. हनुवटीवर लाळ आली, ती तिनं पदरानं पुसली.

"दादाभाऊच्या टायमाला लई प्रार्थना म्हणलीस. दवाखान्यात. मी ऐकत व्हतो."

लंकाबाईचा हात तसाच राहिला. तेव्हा आबा वॉर्डाच्या दाराशी पाठ करून बसलेले असायचे. रागानं बसलेत, असंच ती इतकी वर्षं समजत आली होती.

"मीबी म्हणलो व्हतो," आबा म्हणाले. "तुझ्या देवाला."

मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

शास्त्रातलं एखादं वचन आठवेल म्हणून लंकाबाई थांबली. मग तिनं घास भरवला. आबांनी वाटी संपवली.

ती उठून हात धूत होती तेवढ्यात फोन वाजला. पास्टर होते. बाबा कसे आहेत, विचारत होते. जेवले, तिनं सांगितलं. पास्टर आनंदानं सांगू लागले. सकाळी सगळ्या मंडळीनं बाबांसाठी विनवणी केली होती, आणि बघा, प्रभूनं ऐकली. आता फोनवरच त्याचे आभार मानू, असं म्हणून त्यांनी सुरुवातही केली.

फोन कानाला लावून लंकाबाई खाटेपाशी उभी राहिली. आबा जागे होते. तिच्याकडंच बघत होते. पास्टर प्रार्थनेच्या शेवटाला आले आणि तिच्या आमेनसाठी थांबले.

"हॅलो? लंकाताई, आवाज येतोय ना?"

"येतोय," ती म्हणाली.