वाटीभर शेंगदाणे

पोह्यांवर ओलं खोबरं. बैठकीवर नवी चादर. उसावरच्या औषधाची अर्धी बाटली. तेजश्रीच्या साडीला अजून एक पिन. शेडमागं माश्यांचा घोंगाट. दौंडचे पाहुणे अकराला येतो म्हणाले होते. साडेदहालाच त्यांची गाडी वस्तीवर वळली.

सुलक्षणानं दुसऱ्यांदा हाताला साबण लावला आणि पदर सावरत बाहेर आली.

घोडनदीकाठच्या या वस्तीवर चार वर्षांत कीटकनाशकाचा थेंब आला नव्हता. रेशमाच्या अळ्या नाजूक. डासांच्या अगरबत्तीनंही माना टाकतात. सुलक्षणाचा नवरा मच्छिंद्र औषधाच्या बाटल्या लांबच्या रानातल्या पेटीत ठेवायचा. पण बॅच संपली होती. काल कोष निघाले, आज पहाटे टेम्पो भरून गेले. शेड रिकामी होती. मागच्या खड्ड्यात फक्त टाकाऊ माल होता : पोचट कोष, आणि कोष न विणताच आटून बसलेले तपकिरी किडे. त्यांच्यावर माश्या जमल्या. आज नेमकं लेकीला, तेजश्रीला, बघायला येणार. सुलक्षणानं सकाळीच ती बाटली आणली आणि खड्ड्यात रिकामी केली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंही नाही.

आधीची दोन स्थळं गेली होती. "पोरगी चांगली हाय, पण घरात अळ्या पाळत्यात," असं एका बाईनं तोंडावर सांगितलं होतं.

मुलगा फौजेत होता. नाव सुमित. बोलायचं काम त्याचे मामा करत होते.

"काय तळतंय वो? ब्येस वास सुटलाय."

सुलक्षणानं खिडकीतून पाहिलं. पत्र्याच्या खोलीपुढं मैनाओ चुलीशी बसली होती. आसामातून आलेलं जोडपं, शेडवर कामाला. नवरा टेम्पोबरोबर गेलेला. मैनाओच्या कढईत खड्ड्यातले ते तपकिरी किडे तडतडत होते. गेल्या बॅचला सुलक्षणानं तिला ते खाताना बघितलं, तेव्हा ओकारी आली होती. "माझ्या दारात परत दिसलं तर बघ," असा दम भरला होता. मैनाओनं मान हलवली होती. सुलक्षणाला वाटलं होतं, विषय संपला.

तिनं खिडकीवरची नजर काढली.

"शेंगदाणे," ती म्हणाली. "कामावरची बाई हाय. तिचं चाललंय आपलं कायतरी."

"मग आणा की वाटीभर! तुमच्या पोह्यात दाणा शोधावा लागतोय."

सगळे हसले. मच्छिंद्रही हसला.

मैनाओनं कढई उतरवली. ताटलीत काढलं, मीठ भुरभुरलं. एक उचलून फुंकर घातली. या आवारात औषध येत नाही, हे तिला याच घरानं शिकवलं होतं.

एक हाक पुरली असती. पण हाक मारून सांगायचं काय? खाऊ नको ते किडे? तेजश्री चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती.

सुमितनं मान वळवली. तो खिडकीतून चुलीकडं बघू लागला. बघतच राहिला. मग त्यानं नाकानं खोल वास घेतला. सुलक्षणाला वाटलं, कळलं याला. आता उठतोय.

ती उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

"धूर येतोय," ती म्हणाली. मग सुमितच्या आईकडं वळली. "ताई, चहात साखर चालती ना?"

चहा झाला. शिक्षण विचारून झालं. मामांनी द्राक्षबागेचं लांबण लावलं. ओट्या भरल्या. दारात फोटो निघाले, एक परत काढला, कारण कुणाचे तरी डोळे मिटले होते.

गाडी रस्त्याला लागली तशी सुलक्षणा अनवाणी धावली. मैनाओ चुलीजवळ आडवी होती. तोंडाला फेस. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ताटलीत मीठ तेवढं उरलं होतं.

"अगं, काय खाल्लं हिनं?" मागून आलेला मच्छिंद्र ओरडला.

"शेंगदाणे," सुलक्षणाच्या तोंडून निघालं. मग तिनं बाटलीचं नाव सांगितलं.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "खाऊन किती वेळ झाला?"

"तास झाला आसंल," सुलक्षणा म्हणाली.

"आणि कळलं कधी तुम्हाला?"

मच्छिंद्रनं बायकोकडं पाहिलं. ती भिंतीकडं बघत होती.

मैनाओ पाच वाजता गेली. साडेपाचला दौंडहून फोन आला, मुलगी पसंत आहे.

सुमितची पहिली नेमणूक आसामात होती. तीन वर्षं तो दर रविवारी तिथल्या बाजारातून हेच किडे तळून घ्यायचा आणि वर लिंबू पिळून खायचा.