कुजबुजीची किंमत

"पिक्चरमधला बॉम्ब काय, कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरवर फुटतो, अंकल. पैसे मोजायचे ते कुजबुजीसाठी," बून कियात म्हणाला आणि त्याने काळं फडकं झटकलं.

"थांब, झाकू नकोस." तेक हुआत अंकल वाकले आणि यंत्राच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय घडाघडा वाचू लागले. "वजन एकोणीस किलो. बापरे! बंदरात तीस वर्षं क्रेन चालवली बॉस. वर टांगलेल्या केबिनमधून खालच्या कंटेनरचा नंबर वाचायचो. डोळे अजून तसेच आहेत."

डावीकडचं यंत्र नऊ हजार डॉलरचं, उजवीकडचं दीड हजाराचं. दोन्ही नऊ-नऊ स्पीकर सांभाळणारी. बून कियातने दोन्हींवर फडकं टाकलं, आवाजाचं मापक हातात धरून दोन्हींचा आवाज काट्याला काटा जुळवला. जरा मोठं वाजलं की गिऱ्हाइकाला तेच भारी वाटतं, आणि या धंद्यातले निम्मे लोक त्या 'जरा'वरच पोट भरतात. बून कियातला ते जमत नसे. म्हणून तर मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दुकानातून दोन महिन्यांत एकही भारी यंत्र हललं नव्हतं. आज हललं तर भाडं सुटणार होतं.

मधल्या खुर्चीत लाय चू आंटी बसल्या होत्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेली कॉफी, तोंडात नळी. मघाशी बून कियातने मागून विचारलं होतं, "आंटी, उशी देऊ का पाठीला?" बाईंनी हूं की चूं केलं नव्हतं. नवऱ्याच्या उधळपट्टीवर रुसल्या असतील, असं त्याला वाटलं.

"घरी पिक्चर लावला की ही आताशा हसत नाही," अंकल त्याच्या कानाशी येऊन म्हणाले. "पूर्वी माझ्या आधी हसायची. आता म्हणते, बोललेलं कळत नाही. आणि खाली लिहून येतं ते वाचणार कशी? शाळेत फक्त तिचे भाऊ गेले. आमचा आवाजाचा डबा जुना झालाय, दुसरं काय! हिची सत्तरी येतेय. चांगल्यातलं चांगलं दे."

बून कियातने त्याचा नेहमीचा प्रसंग लावला. भिंतभर पडद्यावर दोन बहिणी जेवायला बसल्या होत्या, आणि पलीकडच्या खोलीत निजलेल्या बापाला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत भांडत होत्या.

"काय म्हणाली, सांगा," त्याने पुढे येऊन विचारलं.

"माशाचं डोकं तू गिळ, घर मला दे म्हणते!" आंटी खदखदून हसल्या. "आणि ती मोठी म्हणते, डोकं तुला आधीपासूनच नाही!"

अंकलचा चेहरा फुलला. "बघितलंस बॉस? हे नऊ हजाराचं ना?"

"दीड हजाराचं," बून कियातला सांगावं लागलं. त्याने खटका फिरवला. नऊ हजाराच्या यंत्रावरही आंटींनी शब्द न् शब्द सांगितला. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही.

"मग फरक काय?" अंकल गोंधळले.

"आता कळेल. डोळा कानाला फसवतो." शेवटची फेरी तो नेहमी अशीच घेई. त्याने चित्र बंद केलं. पडदा काळा झाला. अर्धवट अंधारात नऊ हजाराच्या यंत्रातून दोघी बहिणी अशा कुजबुजत होत्या, की धाकटीचा श्वाससुद्धा कळत होता. मापकाचा आकडा मघाचाच होता.

लाय चू आंटी काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. नळीने कॉफीचा घोट घेतला. मग जराशा वैतागून म्हणाल्या, "अरे, लाव की आता! किती वेळ?"

बून कियातचा हात खटक्यावरच राहिला. धाकटी रडायला लागली होती.

अंकल उठले, बायकोच्या समोर जाऊन वाकले. दुकानातल्या मंद दिव्यात त्यांनी तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "थांब गं. त्याने अजून लावलंच नाही."

मग त्यांनी बून कियातकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती. त्याने घाईघाईने चित्र सुरू केलं. पडद्यावर हाताएवढाले ओठ हलायला लागले.

"हां, आता आलं," आंटी म्हणाल्या आणि पुन्हा हसायला लागल्या.

अंकल बराच वेळ पडद्याकडे बघत होते, मग बायकोकडे. "बॉस," ते शेवटी म्हणाले, "हा पडदा केवढ्याला? प्रोजेक्टरसकट."

बून कियातने आकडा सांगितला. त्याचा स्वतःचा नफा वगळून सांगितला, आणि भाड्याचा विचार उद्यावर टाकला. "आणि अ‍ॅम्प्लिफायर?"

"आमचा जुना काही वाईट नाही वाजत."

"पडदा?" आंटींनी नवऱ्याचे ओठ बघत विचारलं. "म्हाताऱ्या, वेड लागलंय का तुला? घर केवढं, भिंत केवढी! माझे डोळे चांगले खणखणीत आहेत."

"तुझे आहेत गं." अंकल तिच्याकडे वळून सावकाश बोलले. "माझे गेले. मलाच आता छोट्या टीव्हीवरचं दिसत नाही."

आंटींनी कॉफीची पिशवी मांडीवर ठेवली आणि नवऱ्याचा हात हातात घेतला.

"मग सांगायचं नाही का रे?" त्या म्हणाल्या. "असलं कुणी बायकोपासून लपवतं?"