दुर्गाबाईचे डोळे

"पाटील, बाईचे डोळे कशे होते?" शेषरावने विचारलं, आणि विचारताना ब्रश असा ऐटीत धरला, जणू जन्मभर तो हेच काम करत आला आहे.

खरं तर सहा महिने तो अकोल्याच्या या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल घासून लोकांच्या मुरमाच्या पुटकुळ्या घालवायला शिकत होता. डोळे काढायची पाळी आज पहिल्यांदाच आली होती. मालक उत्तमराव लग्नाचे फोटो काढायला अमरावतीला गेले होते. बाळापूरकडच्या एका गावात त्यांनीच हा समोरचा फोटो काढला होता. दुर्गाबाई गेली त्या दिवशी घरच्यांनी तिला नवं लुगडं नेसवून भिंतीशी टेकवून बसवलं होतं. फोटोत अर्थातच तिचे डोळे मिटलेले. उद्या तेरवी, आणि असा फोटो हाराखाली कसा ठेवायचा? म्हणून पापण्यांवर बारीक ब्रशाने डोळे रंगवून द्यायचे होते.

"मेलेल्या माणसाचे डोळे आपल्या मनानं काढाचे नाही," उत्तमरावांनी बजावलं होतं. "घरच्याइले विचाराचं."

तेच तो विचारत होता. बाकावर दुर्गाबाईचा नवरा खुशालराव बसला होता, आणि खाली सतरंजीवर तिची आई पार्वताबाई.

"कशे म्हंजे? डोळ्यासारखे डोळे," खुशालराव म्हणाला.

"तसं नाही, पाटील. मोठे, लहान? काळे, पिंगट?" शेषरावला आता चेव आला होता. "तुमाले नाही मालूम तर कोनाले मालूम असन?"

"काळेच. आपल्यात दुसरे कायचे रायतात?"

"घारे होते," पार्वताबाई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. म्हातारी आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

"चांगले घारे होते, बाबू. बापावर गेली होती थे. लगनात साऱ्या गावानं तेच पाह्यले."

खुशालरावाने टोपी काढली, पुन्हा घातली. बावीस वर्षं ती वाढत होती आणि हा जेवत होता. ती मागून चालत होती आणि हा पुढे. "हो, घारेच," तो पुटपुटला. "घारेच होते. माह्या ध्यानातून गेलं." पण त्याच्या मानेपर्यंत रक्त चढलं होतं, आणि सासूकडे पाहायची त्याची छाती होईना.

शेषराव अगदी कानकोंडा झाला. म्हातारीला बाजूला घेऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? मोठा आला कारागीर! मनातल्या मनात त्याने घरी असलेल्या बायकोचे, इंदूबाईचे डोळे आठवून पाहिले, तर तिच्या कपाळावरचं कुंकू तेवढं दिसलं. मग मात्र त्याने मान खाली घातली आणि निमूट कामाला लागला.

शाई पातळ केली. बुबुळं फिकट ठेवली. ब्लेडच्या टोकाने प्रत्येक बुबुळात जरासा कागद खरवडला, तसा तिथे उजेड आला. हात कधी नव्हे इतका सरळ चालला. दुर्गाबाईने डोळे उघडले आणि थेट समोर पाहिलं.

"माही दुर्गी!" पार्वताबाईने तोंडाला पदर लावला.

खुशालरावाने फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग जरा डावीकडे सरकवला, जरा उजवीकडे. शेवटी तो मांडीवर पालथा घातला, सासूचं लक्ष नाही असं बघून शेषरावजवळ सरकला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

"भाऊ, हिची नजर जराशी खाली करता येईन का?"