धरलंय गं

तिने घडवलेली सायकल कधी पडत नसे. सीटखालचं यंत्र तोल सांभाळायचं. कारखान्यात जो तो तिचं तोंडभरून कौतुक करायचा.

लहानपणी बाबा सीट धरून मागे धावायचे. “धरलंय गं, धरलंय,” म्हणत हळूच सोडून द्यायचे. अशीच तर ती सायकल शिकली.

त्यांच्या शेवटच्या आजारात ती त्यांना दवाखान्यात हाताला धरून चालवत होती. “धरलंय, बाबा,” म्हणाली आणि कारखान्याचा फोन घ्यायला हात काढला. ते पडले ते पुन्हा उठलेच नाहीत.

यंत्राची बॅटरी संपल्यावर सायकल कशी चालते हे आज बघायचं होतं, म्हणून तिने बॅटरीच काढून ठेवली. मोकळ्या रस्त्यावर चार पेडल मारले आणि ब्रेक दाबला.

सायकल थांबली. कलंडली मात्र नाही. तिचे दोन्ही पाय पेडलवरच होते.

मागे कुणाला तरी धाप लागली होती.

वळून बघायचा धीर होईना. डोळे भरून आले. “चुकलं माझं, बाबा. सोडा आता.”

“सोडलंय गं, सोडलंय.”

सीटवरची पकड आणखी घट्ट झाली.